युद्धकाळातला गिरणगाव: कामगार नेमका कोणाच्या बाजूने होता?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे कामगार होते आणि अखेरपर्यंत ते लाल बावट्याला, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनला मानत राहिले. पण शाळेत आपण जो इतिहास शिकलात, त्यात बेचाळीसच्या लढ्याला विरोध करणारा पक्ष म्हणून त्याच लाल बावट्याचे नाव येते. मग मुंबईचा गिरणी कामगार युद्धाच्या बाजूने होता की विरोधात होता, आणि कम्युनिस्ट व समाजवादी कार्यकर्त्यांनी त्या सहा वर्षांत त्याच्यासाठी काय केले, असे आपण विचारले आहे.

या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि ते देण्याचा हट्ट धरल्यामुळेच या काळाबद्दल दोन्ही बाजूंनी बरेच चुकीचे लिहिले गेले आहे. गिरणगावातल्या वृद्ध कामगारांशी बोलण्यात आणि कामगार खात्याची व पोलिसांची जुनी दप्तरे वाचण्यात माझ्या आयुष्यातली बरीच वर्षे गेली आहेत. त्यातून माझे मत असे झाले आहे की, युद्ध हा कामगारासाठी कौल देण्याचा विषयच नव्हता, कारण त्याला कोणी विचारलेच नव्हते. 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले, तेव्हा लोकांनी निवडून दिलेल्या प्रांतिक मंत्रिमंडळांनाही त्यांनी विश्वासात घेतले नव्हते. कामगाराने युद्ध जोखले ते पगाराच्या दिवशी हातात काय पडते, घरात दाणा किती शिल्लक राहतो आणि खात्यात आपल्याशी कोण कसे वागते यावरून. कार्यकर्त्यांनाही त्याने तेच माप लावले. म्हणूनच तोच कामगार 1939 मध्ये युद्धाविरुद्ध संप करताना दिसतो, 1942 मध्ये थोड्याच दिवसांत पुन्हा साच्यावर उभा राहिलेला दिसतो आणि 1946 मध्ये बंड करणाऱ्या नाविकांसाठी परळच्या रस्त्यावर गोळ्या झेलताना दिसतो. यात विसंगती आहे असे मला वाटत नाही.

युद्ध सुरू झाले तेव्हा गिरणगाव काही कोरी पाटी नव्हता. 1928 च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली होती आणि 'लाल बावटा' हे तिचे नाव लोकांनीच रूढ केले होते. पुढे कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरचा मीरत खटला, 1934 चा संप आणि पक्षावरची बंदी या सगळ्यातून ती युनियन मोडत आणि पुन्हा उभी राहत आली होती. 7 नोव्हेंबर 1938 रोजी, संपावर बंधने आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवला होता, आणि तो काँग्रेसच्याच प्रांतिक सरकारविरुद्ध होता. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. काँग्रेसचे सरकार आले म्हणून गिरणी मालकाचा हात आखडला असे कामगाराने पाहिले नव्हते. उलट परळ-लालबागच्या पट्ट्यात काँग्रेसची स्वतःची युनियन कधी मूळ धरू शकली नव्हती. अहमदाबादेत मजूर महाजन हे गांधीजींच्या विचारांचे बलाढ्य संघटन होते. मुंबईत तसे काही नव्हते, आणि बेचाळीसमध्ये या फरकाने फार मोठे परिणाम घडवले.

2 ऑक्टोबर 1939 रोजी, म्हणजे युद्ध जाहीर झाल्यावर महिन्याच्या आत, मुंबईत सुमारे 90,000 कामगारांनी एक दिवसाचा युद्धविरोधी संप केला. पक्षाच्या इतिहासात या संपाचा उल्लेख नेहमी साम्राज्यवादी युद्धाला कामगारवर्गाने दिलेले उत्तर म्हणून होतो, आणि तो उल्लेख खोटा नाही. मात्र त्या महिनाभरातच वाण्याच्या दुकानातले भाव चढू लागले होते, हेही त्याच्या जोडीने सांगायला हवे. मागच्या महायुद्धातली महागाई ज्यांनी भोगली होती अशी माणसे अजून खात्यात कामावर होती. युद्ध म्हणजे मालकाला कापडाच्या मागण्या आणि आपल्याला महाग धान्य, हे त्यांना कोणी भाषणातून शिकवण्याची गरज नव्हती. घोषणा कार्यकर्त्यांनी दिली हे खरे. पण ती पटण्याजोगा अनुभव कामगारांकडे आधीपासून होता.

पुढच्या काही महिन्यांत हा अनुभव आकड्यांत उतरला. महागाई भत्त्याच्या मागणीवर न्यायमूर्ती रांगणेकर यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमले गेले आणि मालकांनी दिवसाला दोन आणे भत्ता देऊ केला. या दोन आण्यांचा हिशेब जरा जवळून पाहू. महिन्याला 26 दिवस भरले तर 52 आणे होतात, म्हणजे सव्वातीन रुपये. एक खाडा पडला की त्या दिवसाच्या पगाराबरोबर भत्ताही गेला. बदलीवाल्याला, म्हणजे कायम नसलेल्या कामगाराला, महिन्यातले पंधरा दिवसच काम मिळाले तर त्याच्या हाती पावणेदोन-दोन रुपयेच पडणार, आणि धान्य मात्र त्याला महिनाभर लागणार. शिवाय भत्ता सरसकट होता, तो पगाराच्या प्रमाणात नव्हता. त्यामुळे झाडूवाल्याला आणि रीळ खात्यातल्या बाईला त्याचा आधार तुलनेने अधिक होता, तर चांगले कापड काढणाऱ्या साचेवाल्याला आपली वाढ काहीच नाही असे वाटत होते. एकाच मागणीमागे दोन वेगवेगळ्या गरजा उभ्या होत्या, आणि त्या दोन्ही एका संपात बांधून ठेवणे हे त्या वेळच्या युनियनचे खरे कसब होते.

मार्च 1940 च्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेला तो संप सुमारे 40 दिवस चालला आणि त्यात जवळपास 1,75,000 कामगार उतरले. भारत संरक्षण नियमांखाली श्रीपाद अमृत डांगे, बी. टी. रणदिवे, एस. एस. मिरजकर अशा नेत्यांना सरकारने अटकेत टाकले, आणि एप्रिलच्या मध्यावर मागणी पदरात न पडताच संप मागे घ्यावा लागला. कागदावर ही हार आहे. पण पुढच्या दीड-दोन वर्षांचा हिशेब पाहिला की चित्र बदलते. भत्ता वाढत गेला आणि राहणीमानाच्या खर्चाच्या निर्देशांकाशी बांधला गेला, आणि नफ्याचा वाटा म्हणून रोख बोनस देण्याची प्रथा पडली. मालकांनी हे उदार होऊन केले असे म्हणणे चुकीचे ठरेल. सैन्याच्या मागण्या येत होत्या, तिसरी पाळी सुरू होत होती, बाजारात कापडाला वाटेल तो भाव मिळत होता, आणि 1940 च्या जादा नफा करामुळे वाढीव नफ्याचा मोठा हिस्सा सरकारकडेच जाणार होता. अशा वेळी पुन्हा 40 दिवस गिरण्या बंद राहण्यापेक्षा भत्ता आणि बोनस देणे मालकांना स्वस्त पडत होते. सहा आठवड्यांच्या बंदचा धाक मात्र कामगारांनीच निर्माण केला होता. मी ज्या जुन्या कामगारांशी बोललो, त्यांतल्या एकानेही या संपाला फुटलेला संप म्हटले नाही.

यानंतर कार्यकर्त्यांचा प्रश्न येतो. 1940 आणि 1941 ही दोन वर्षे बहुतेक नेते तुरुंगात होते, त्यांतले अनेक राजपुतान्यातल्या देवळीच्या छावणीत. तिथेच कम्युनिस्ट आणि जयप्रकाश नारायण यांच्यासारखे काँग्रेस समाजवादी एकाच कुंपणाआड होते, पण त्यांच्यातली फारकत झाली होती. 1940 मध्येच काँग्रेस समाजवादी पक्षाने कम्युनिस्टांना बाहेर काढले होते. 22 जून 1941 रोजी हिटलरने सोव्हिएत रशियावर हल्ला केला आणि डिसेंबर 1941 पर्यंत कम्युनिस्ट पक्षाची भूमिका पूर्ण फिरली: कालपर्यंतचे साम्राज्यवादी युद्ध आता लोकयुद्ध झाले. जुलै 1942 मध्ये पक्षावरची बंदी उठली. 8 ऑगस्टला गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव मंजूर झाला तेव्हा विरोधात पडलेली 13 मते प्रामुख्याने कम्युनिस्टांची होती. या भूमिकेचे समर्थन करणे मला शक्य नाही. देशातल्या लोकांच्या मनात काय पेटले आहे हे ओळखण्यात पक्ष चुकला, आणि त्या चुकीची किंमत त्याने पुढे कित्येक दशके मोजली. पण पक्षाचा ठराव आणि खात्यातल्या कामगाराचे मन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या आजोबांना समजून घ्यायचे तर त्या वेगळ्याच ठेवाव्या लागतील.

लोकयुद्धाच्या धोरणाचा गिरणीतला अर्थ होता उत्पादन थांबू न देणे आणि संप शक्यतो टाळणे. सरकारनेही त्यासाठी कायद्याचे कुंपण घातले होते. 1942 मध्ये भारत संरक्षण नियमांत आलेल्या 81-अ या कलमाखाली चौदा दिवसांची नोटीस दिल्याखेरीज संप करता येत नव्हता, आणि वाद लवादाकडे गेला की निकाल लागेपर्यंत काम बंद ठेवता येत नव्हते. युनियन संप नको म्हणते आणि सरकार संपावर कायद्याने गदा आणते, तर मग कामगार गप्प बसला असेल असे आपल्याला वाटेल. देशभराचे आकडे तसे सांगत नाहीत. 1940 मध्ये 322 औद्योगिक तंटे झाले आणि सुमारे 75 लाख कामाचे दिवस बुडाले, त्यांतला फार मोठा वाटा एकट्या मुंबईच्या संपाचा होता. 1943 मध्ये तंटे 716, म्हणजे दुपटीहून अधिक झाले, पण बुडालेले दिवस मात्र सुमारे 23 लाखच होते. याचा अर्थ उघड आहे. संप वाढले, पण ते लहान झाले: एका खात्याचे, एका पाळीचे, दोन-तीन तासांचे. भत्त्याची बाकी मिळाली नाही, धान्याच्या दुकानात माल संपला, जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, हात उगारला, अशा कारणांवरून साचे थांबत, कोणीतरी पुढारी धावत येई, बोलणी होत आणि साचे पुन्हा सुरू होत. या छोट्या अडवणुकीला कोणत्याच पक्षाच्या ठरावात जागा नव्हती. युद्धकाळातला कामगार मात्र तिच्यातूनच बोलत होता.

आता बेचाळीसचा ऑगस्ट. 9 ऑगस्टच्या पहाटे नेत्यांची धरपकड झाल्यावर मुंबई पेटली. दादर-परळच्या भागात रस्ते अडवले गेले, अश्रुधूर आणि गोळीबार झाला, आणि काही दिवस गिरण्यांचे कामही विस्कळीत झाले. मग गिरण्या सुरू झाल्या. अहमदाबादेत मात्र त्या तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिल्या आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात 13 दिवस संप चालला. मुंबईच्या कामगाराला यावरून अनेकांनी दोष दिला आहे, आणि तो दोष मला अन्यायाचा वाटतो. अहमदाबादेत मजूर महाजनाचा शब्द आणि मालकांची मूक संमती दोन्ही होती, आणि कामगार गावी निघून गेला तर त्याची नोकरी जाणार नाही ही शाश्वती होती. मुंबईच्या मालकाला लष्करी खाकीच्या मागण्या पुऱ्या करायच्या होत्या. त्याच्या दारी अशी शाश्वती नव्हती. आणि मुंबईचा कामगार गावी जाणार तरी कुठे? रत्नागिरीचा भाग स्वतःच्या पिकावर वर्षभर जगत नव्हता. तिथल्या चुली ब्रह्मदेशातून येणाऱ्या तांदळावर आणि मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालत. मार्च 1942 मध्ये रंगून पडले आणि तो तांदूळ थांबला. ज्या वर्षी गावाला मनीऑर्डरची सर्वांत जास्त गरज होती, त्याच वर्षी पगार सोडून गावी बसा असे सांगणे म्हणजे काय, हे कोकणातल्या घरांना विचारावे.

तरीही कामावर गेला म्हणजे तो लढ्याबाहेर होता असेही नाही. अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफअली, राममनोहर लोहिया यांच्यासारखे समाजवादी भूमिगत राहून लढा चालवत होते, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गुप्त रेडिओ केंद्र नोव्हेंबर 1942 पर्यंत मुंबईतूनच बोलत होते, आणि 'मूषक महाल' या नावाने ओळखल्या गेलेल्या जागेत एस. एम. जोशी, साने गुरुजी यांच्यासारख्या भूमिगतांचा वावर होता. या सगळ्याला निरोप नेणारी, पत्रके वाटणारी, रात्रीपुरती जागा देणारी माणसे लागत. गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांमध्ये एक पाळी कामाला जाई तेव्हा दुसरी झोपलेली असे. तिथे आणखी एक गाववाला चार दिवस राहून गेला तर कोणी चौकशी करत नसे. सातारा जिल्ह्यात 1943 पासून नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, त्या गावांचे कितीतरी तरुण या खोल्यांमध्येच राहत होते. दिवसा लाल बावट्याची वर्गणी भरणारा आणि रात्री भूमिगताला भाकरी देणारा माणूस एकच असू शकत होता, आणि मी अशी माणसे पाहिली आहेत. समाजवाद्यांचे धैर्य मोठे होते, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्यांची गिरणीच्या आतली संघटना विरळ होती. खात्यात कोण कोणाचा बदली आहे, कोणाचा दंड चुकीचा कापला आहे, हे रोज पाहणारा माणूस त्यांच्याकडे कमी होता. ती उणीव त्यांनी युद्धानंतर मिल मजदूर सभा या युनियनच्या रूपाने भरून काढायचा प्रयत्न केला.

यापुढचा भाग इतिहासात सर्वांत कमी लिहिला गेला आहे, आणि मुलाखतींत मात्र सर्वांत जास्त येतो. तो म्हणजे धान्य. मे 1943 मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. देशातल्या शहरांत ते पहिले होते. आधीच्या वर्षभरात भाव असे चढले होते की राहणीमानाचा खर्च युद्धपूर्व पातळीच्या दुपटीकडे चालला होता. सुट्या नाण्यांची इतकी टंचाई झाली होती की दुकानदार उरलेल्या पैशांऐवजी चिठ्ठी किंवा पोस्टाचे तिकीट हातावर ठेवत. धातू वाचवण्यासाठी सरकारने 1943 मध्ये मधोमध भोक असलेला पैसा काढला तो याच काळात. आता डिलाईल रोडवरची एखादी खानावळ डोळ्यांसमोर आणा. एक बाई आपल्या खोलीत पंचवीस-तीस गड्यांना दोन वेळ जेवू घालते, पैसे पगाराला मिळतात, आणि तोवर वाण्याची उधारी तिच्या नावावर असते. रेशनिंग आल्यावर उधारी संपली, कारण रेशनच्या दुकानात रोख मोजावी लागे. माणसागणिक ठरलेले धान्य, आणि त्यात तांदूळ कमी, गहू-ज्वारी-बाजरी जास्त. भात खाणाऱ्या कोकण्याला बाजरीची भाकरी पचेना, रातपाळीहून आलेला माणूस झोप मोडून रांगेत उभा राही, आणि रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत दुकानदाराने पाटी लावलेली असे. बाईने आज काय शिजवावे हा त्या वर्षीचा सर्वांत कठीण राजकीय प्रश्न होता, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी हा प्रश्न हाती घेतला, आणि लाल बावटा गिरणगावात टिकला तो माझ्या मते यामुळेच. पक्ष कायदेशीर झाल्यामुळे युनियनची कचेरी उघडी होती, माणसे बाहेर होती. चाळीचाळींत अन्नसमित्या निघाल्या. दुकानदाराच्या तराजूवर नजर ठेवणे, साठेबाजाचे गोदाम दाखवून देणे, नवीन कार्डासाठी अर्ज लिहून देणे, गिरण्यांच्या स्वस्त धान्य दुकानांत माल आला की नाही हे पाहणे, ही कामे रोज चालत. यात बायका पुढे होत्या. उषाताई डांगे यांच्यासारख्या कार्यकर्त्या आधीपासूनच रीळ खात्यातल्या बायकांमध्ये काम करत होत्या, आणि रात्रीच्या कामाला बायकांना कायद्याने बंदी असल्याने तिसऱ्या पाळीची नवी कामे पुरुषांकडे गेली तरी रांगेतला अनुभव बायकांचाच होता. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक 1944 मध्ये उभे राहिले. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला तेव्हा रशिया कुठे आहे हे ठाऊक नसलेला श्रोताही तो ऐकत होता, कारण त्यातला लढणारा माणूस कामगार होता आणि डफ ओळखीचा होता. लोकयुद्ध हा शब्द ज्यांना पटला नाही त्यांनाही अन्नसमिती पटली. मे 1943 मध्ये मुंबईत पक्षाचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा सभासदसंख्या 15 हजारांवर गेली होती. ती वाढ केवळ सरकारच्या सवलतीची होती असे म्हणणाऱ्यांनी या रांगा कधी पाहिल्या नाहीत.

दलित कामगारांची भूमिका वेगळी सांगितली पाहिजे, कारण 'गिरणी कामगार' असा एकच शब्द वापरला की ती दडपली जाते. साच्याच्या धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि तेवढ्या कारणावरून स्पृश्य साचेवाले अस्पृश्यांना विणकर खात्यात येऊ देत नसत. चांगल्या पगाराचे खाते त्यांना बंद होते, ते मुख्यतः सूत कातण्याच्या रिंग खात्यात अडकले होते, आणि 1928 च्या संपाच्या वेळीच बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्यापुढे ठेवला होता. युद्धात साच्यांना तिसरी पाळी आली तरी ते दार उघडले नाही. दुसरीकडे ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली आणि कित्येक दशके बंद असलेली सैन्याची वाट मोकळी झाली. जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि पुढच्याच महिन्यात सरकार, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींची त्रिपक्षीय परिषद त्यांनी दिल्लीत भरवली. बी. डी. डी. चाळीतला दलित कामगार बेचाळीसच्या लढ्यात का उतरला नाही असे विचारणाऱ्याने आधी विणकर खात्याच्या दारात उभे राहून विचार करावा. त्याला युद्धातून नोकरी, गणवेश आणि सरकारदरबारी आपला माणूस मिळत होता. हे त्याने स्वार्थापोटी केले असे म्हणण्याचा अधिकार ज्यांनी त्याला साच्याला हात लावू दिला नाही त्यांना पोचत नाही.

हे सगळे केवळ गुलाम देशातच घडले असेही समजू नये. ब्रिटनमध्ये 1940 च्या आदेशाने संप बेकायदा ठरवले होते, आणि जून 1941 नंतर तिथला कम्युनिस्ट पक्षही उत्पादन वाढवा म्हणून सांगत होता. तरीही जानेवारी 1942 मध्ये केंट परगण्यातल्या बेटशँगर खाणीतले कामगार संपावर गेले, त्यांच्या पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले गेले आणि सरकारला अखेर त्यांना सोडावे लागले. 1944 मध्ये तर तिथे संपांमुळे 37 लाख कामाचे दिवस बुडाले. फॅसिझम हरावा असे त्या खाण कामगारांना मनापासून वाटत होते. युद्धाला पाठिंबा देणे आणि कमी मजुरी मान्य करणे या दोन गोष्टी कामगार कुठेच एकत्र करत नाही. एम. एन. रॉय यांच्या इंडियन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार संघटनेने युद्धाला बिनशर्त पाठिंबा दिला, सरकारकडून दरमहा 13,000 रुपयांचे अनुदानही घेतले, पण गिरणगावात तिचे फारसे काही चालले नाही, ते याच कारणाने.

युद्ध संपताच दाबलेले सगळे वर आले. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत नौदलाच्या 'तलवार' या तळावरच्या नाविकांनी बंड केले आणि 22 तारखेला त्यांच्या पाठिंब्यासाठी कम्युनिस्ट पक्षाने संपाची हाक दिली. अरुणा असफअली आणि अच्युतराव पटवर्धन नाविकांच्या बाजूने उभे राहिले, तर वल्लभभाई पटेल यांनी संप करू नका असे सांगितले. गिरण्या बंद झाल्या. परळमध्ये गोळी लागून कमल दोंदे ठार झाल्या, कुसुम रणदिवे जखमी झाल्या, आणि त्या दिवसांत शहरात सरकारी आकड्यांनुसार 228 माणसे मेली. चार वर्षांपूर्वी लढ्याबाहेर राहिला म्हणून ज्याला बोल लावले गेले, तोच हा कामगार होता. त्याच वर्षी डांगे मुंबई विधानसभेवर निवडून गेले, तेही कामगार मतदारसंघातून. बेचाळीसचा राग शहरात होता, पण गिरणगावाने आपला हिशेब वेगळा मांडला होता. युद्धात सुरू झालेला बोनस हक्क आहे की बक्षीस, हा वाद पुढे इतका पेटला की 1950 मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाला त्याचे सूत्र ठरवावे लागले, आणि त्याच वर्षी बोनससाठी समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने दोन महिन्यांचा संप लढवला.

आपल्या आजोबांबद्दल आणखी शोध घ्यायचा असेल तर पक्षाचे नाव बाजूला ठेवून सुरुवात करावी. त्यांचे गाव कोणते, ते कोणत्या वर्षी लागले, कायम होते की बदली, कोणत्या पाळीला जात आणि कोणाच्या खानावळीत जेवत, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आधी लिहून घ्यावे. मुलाखत घेताना 'युद्ध कसे होते' असे विचारू नये, त्याला कोणीच उत्तर देत नाही. त्या वर्षी तांदूळ कुठून आणत होता असे विचारावे, मग माणसे तासभर बोलतात. घरात जुन्या पेटीत पगाराची चिठ्ठी, रेशनकार्ड किंवा युनियनची पावती असेल तर तिच्यावरची तारीख फार मोलाची आहे: 1940 च्या आधीची पावती वडिलोपार्जित निष्ठेची असेल, 1943 नंतरची बहुधा धान्याच्या रांगेतून आलेली असेल. मुंबईच्या कामगार कचेरीचे मासिक 'लेबर गॅझेट' दर महिन्याचे भत्ते, भाव आणि गिरणीवार तंटे छापत असे. महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात गृहखात्याच्या फायली आहेत, मात्र त्या वाचताना पोलिसाने वक्त्याचे भाषण टिपले आहे, श्रोत्याचे मन नव्हे, हे लक्षात ठेवावे. गिरणीचे नाव आणि खाते कळले की मला जरूर लिहा. त्या गिरणीत 1943-44 मध्ये कोणत्या खात्यात काम थांबले होते हे गॅझेटच्या अंकांतून पाहता येईल.